चित्रात नसलेली मुलगी

माझ्या सासूबाईंना नीट दिसत नाही हे मला कळलं, त्या क्षणी माझी सात वर्षांची मुलगी त्यांच्या गाडीत बसलेली होती. डिसेंबर महिना, मिशिगनमधलं ट्रॉय, पाच वाजताच काळोख झालेला, रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग, आणि गाडी चालवणाऱ्या आमच्या आई. मी होते कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये, हातात बटाटेवड्यांचा ट्रे घेऊन. तो ट्रे मी नंतर कुठे ठेवला ते मला आजही आठवत नाही.

पण असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काही कळायचं नाही बाप्पा. आधी आई कोण ते सांगते.

डॉक्टर वसुधा कर्णिक. ट्रॉय, नोव्हाय आणि आसपासच्या मराठी मंडळींच्या वसुधाकाकू. त्र्याहत्तर साली पुण्याहून डेट्रॉइटला आल्या आणि भुलीच्या डॉक्टर म्हणून तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात तीस वर्षं काढली. बाई कडक. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. मंडळात कुणाच्या पोराला ताप आला, कुणाच्या सासऱ्यांचं बीपी वाढलं, की पहिला फोन आईंना. आई फोनवरच झापायच्या, औषध सांगायच्या आणि दुसऱ्या दिवशी न सांगता दारात हजर व्हायच्या. स्वतःला मात्र कधी कुणा डॉक्टरला दाखवलं नाही. सर्दी झाली तरी आम्ही विचारायचं नाही.

आणि गाडी. गाडीबद्दल सांगितल्याशिवाय आईंबद्दल काही सांगितलं असं होतच नाही. पहिल्या हिवाळ्यात त्या बर्फात बसची वाट बघत उभ्या राहायच्या, बोटं बधिर व्हायची. एक दिवस डोकं सणकलं, एक जुनी बोटीएवढी गाडी घेतली आणि शिकल्या. पुढे हिमवादळातसुद्धा त्यांची ड्यूटी चुकली नाही. "या देशात गाडी म्हणजे पाय, स्वानंदी," असं त्या मला म्हणाल्या होत्या. "आपले पाय दुसऱ्याच्या घरी ठेवून राहता येत नाही." नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या आणि अपार्टमेंटमध्ये दिवसभर कोंडून पडलेल्या मराठी मुलींना त्या शनिवारी शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये घेऊन जायच्या आणि ड्रायव्हिंग शिकवायच्या. ट्रॉयमधल्या निम्म्या मराठी बायकांच्या लायसनमागे आईंच्या शिव्या आहेत. माझ्याही. नागपुरात स्कूटी उडवणारी मी, इथे पहिल्या दिवशी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले होते. तर म्हणतात कशा, "रड, खुशाल रड, पण ब्रेकवरचा पाय काढू नकोस."

अशा बाईला, आई, आता तुम्ही गाडी चालवू नका, हे सुनेनं कोणत्या तोंडानं सांगायचं?

सासरे गेले, नोकरी संपली, आणि आईंनी कम्युनिटी सेंटरमध्ये चित्रकलेचा क्लास लावला. शिकवणारी पेगी, सत्तरीची, लाल फ्रेमच्या चष्म्याची, शाळेतली रिटायर्ड ड्रॉइंग टीचर. तिला एकच वेड, बरोक. म्हणजे युरोपातली सतराव्या शतकातली चित्रं. मला त्यातलं शष्प कळत नव्हतं, पण आई रोज जेवताना सांगायच्या, त्यामुळे मीही शिकले. खोली काळीकुट्ट करायची, एका बाजूनं एकच उजेड सोडायचा, त्यात जेवढं सापडेल तेवढं चित्र. बाकीचं अंधारात जाऊ द्यायचं. आणि माणूस काढायचा तो आहे तसा. कारावाज्जो म्हणून इटलीतला एक चित्रकार होता, तो म्हणे रस्त्यावरची साधी माणसं आणून संत म्हणून उभी करायचा आणि त्यांचे मळके तळवेसुद्धा जसेच्या तसे रंगवायचा. लोक चिडायचे. आईंना हे फार म्हणजे फार आवडलं. "ऑपरेशन थिएटरमध्ये असंच असतं," म्हणाल्या. "वरून एक दिवा, खाली माणूस. लिपस्टिक नाही, दागिने नाहीत, कोट नाही. मी तीस वर्षं हेच बघितलंय."

पेगीचा मुख्य नियम एकच होता. जे माहीत आहे ते काढू नका, जे दिसतंय तेच काढा. टेबलाला चार पाय असतात हे तुम्हाला माहीत आहे, पण तीनच दिसत असतील तर तीनच काढा.

एकदा त्या मला डेट्रॉइटच्या म्युझियममध्ये घेऊन गेल्या. तिथलं एक मोठं चित्र आहे, एका बाईनंच काढलेलं, त्यांना ते दाखवायचं होतं. तंबूत एक मेणबत्ती जळतेय. एकीच्या हातात तलवार, आणि तिची दासी खाली वाकून कापलेलं मुंडकं कापडात गुंडाळतेय. दोघी एकदम थबकल्यात, कारण बाहेर काहीतरी वाजलंय. तलवारवालीनं मेणबत्तीसमोर हात आडवा धरलाय आणि त्या हाताची सावली तिच्याच तोंडावर पडलीय. माझ्या तर अंगावर काटा आला. म्हटलं, आई, मुंडक्याकडे बघवत नाही हो. तर म्हणाल्या, "मुंडक्याला काय घाबरायचं, ते तर मेलेलं आहे. ह्या दोघी कशाला घाबरल्यात ते बघ. अंधारात कोण आहे ते त्यांना दिसत नाहीये." बोलता बोलता त्या चित्राच्या इतक्या जवळ गेल्या की म्युझियमचा माणूस येऊन त्यांना मागे व्हायला सांगून गेला. मला वाटलं, हौस.

घरी मात्र त्या सुमारास आमचं बिनसलं होतं. म्हणजे माझं बिनसलं होतं, त्यांना पत्ताच नव्हता. मी शेजारी चहाचा कप धरून उभं राहावं, तर बाई समोर बघत बसलेल्या. घेत नाहीत, नको म्हणत नाहीत, मान वळवत नाहीत. आई म्हटलं की दचकायच्या आणि मग कप घ्यायच्या. मला काय वाटणार? सून आहे, राहू दे उभी. मी कप आपटायला लागले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शुभा नावाच्या मैत्रिणीनं बाजूनं तिळगूळ पुढे केला, तर तिला ओलांडून पुढे गेल्या. शुभा रडकुंडीला आली. "काकूंचं काय बिघडवलं गं मी?" मी नागपूरला फोन करून माझ्या आईजवळ मन मोकळं केलं. माझी आई म्हणाली, "सासू आहे ती, तिनं रुसायचं नाही तर कोणी रुसायचं?" झालं. दोघींचं एकमत झालं की वसुधाबाई मानी आहेत. डिशवॉशरच्या उघड्या दाराला नडगी आपटून पाय काळानिळा झाला तेव्हा त्या मलाच रागे भरल्या की दार उघडं का ठेवतेस. गाडीच्या उजव्या बाजूला ओरखडा दिसला, तर तो माझ्या नवऱ्याच्या, देवदत्तच्या नावावर गेला.

संध्याकाळी मंडळाच्या कार्यक्रमाला येणं त्यांनी बंद केलं. म्हणाल्या, कंटाळा येतो. दर मंगळवारी आणि गुरुवारी अनयाला मात्र भरतनाट्यमच्या क्लासहून आणायच्या. मी आणि देवदत्त ऑफिसात, त्यामुळे आम्हाला तो मोठा आधार होता.

ऑक्टोबरमध्ये त्यांच्या क्लासात मॉडेल द्यायची पाळी त्यांच्यावर आली. पेगीची पद्धत अशी की प्रत्येकानं आळीपाळीनं घरचं माणूस आणून बसवायचं. आईंनी मला फर्मान सोडलं. अनयाला ठेवायला कुणी नव्हतं म्हणून तिलाही घेऊन गेले. आई म्हणाल्या, "तिला बाहेर कॉरिडॉरमध्ये बसव, आत चुळबूळ करेल." बसवली. मग मला स्टुलावर बसवून मांडीवर मटारच्या शेंगांची परात दिली. मागे काळा पडदा, दिवे बंद, डाव्या बाजूनं एकच दिवा. आठ जण आपापल्या बोर्डांसमोर उभे. थोड्या वेळानं अनया दारातून डोकावली. पेगीनं तोंडावर बोट ठेवून तिला आत घेतलं आणि माझ्या उजव्या खांद्यामागे उभी केली. पोरगी माझा कुडता धरून अशी गप्प उभी राहिली की मलाच आश्चर्य वाटलं. कोण काय काढतंय ते मला दिसत नव्हतं, आणि रंग वाळायला चित्रं तिथेच राहिली.

आता पुन्हा त्या डिसेंबरच्या संध्याकाळी या. दुसऱ्या दिवसापासून क्लासचं प्रदर्शन होतं, आणि मी वडे पोचवायला गेले होते. भिंतीवर आठ चित्रं एका ओळीत लागलेली, आठही माझी. हसू आलं मला. एकानं मला पन्नाशीची केली होती, एक बाई तर नाकच विसरली होती. पण पहिल्या सातही चित्रांत माझ्या खांद्यामागे, अर्धवट काळोखात, अनया होती. कुठे गोल चेहरा, कुठे एक डोळा, कुठे नुसती माझ्या कुडत्यावरची दोन बोटं. आणि शेवटी आईंचं चित्र. सगळ्यांत सुरेख तेच, यात वादच नाही. माझे सुजलेले डोळे, हनुवटीवरचा फोड, अंगठ्याचं चिरलेलं नख, शेंगेतून निसटणारा मटार. इतकं खरं की मला लाज वाटली. खांद्यामागे मात्र काळं. नुसतं काळं, गुळगुळीत, काही नाही.

आधी मला राग आला. कमाल आहे, स्वतःची नात गाळली! तेवढ्यात पेगी मागून येऊन कौतुकानं म्हणाली की सगळ्यांत धाडसी चित्र हेच, तुझ्या सासूनं चक्क मुलीला काढून टाकलं. "मी त्या दिवशीच तिला म्हटलं, वसुधा, तू मुलीला गाळलंस, वा! ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसली आणि म्हणाली, हो, गाळली."

बघतच राहिली. म्हणजे पेगीनं सांगेपर्यंत त्यांना ठाऊकच नव्हतं की तिथे एक मूल उभं होतं.

जे दिसतंय तेच काढा. चहाचा कप, शुभाचा तिळगूळ, डिशवॉशरचं दार, गाडीचा ओरखडा, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. बाई रुसल्या नव्हत्या. बाईंना बाजूचं दिसत नव्हतं. आणि अंधारातलं तर मुळीच दिसत नव्हतं, चारपाच हातांवर उभी असलेली नातसुद्धा. खिडकीबाहेर मिट्ट काळोख होता आणि त्या दिवशी मंगळवार होता.

आईंना फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही हा त्यांचा नियम, आम्हाला सगळ्यांना घोटून शिकवलेला. देवदत्तला लावला. तो कुजबुजला, "यार स्वानंदी, मी मीटिंगमध्ये आहे. आईला दिसत नाही? सकाळी तिनं माझ्या शर्टावरचा टिचभर डाग दाखवला मला!"

"समोरचं दिसतं रे, बाजूचं नाही!"

"घरी आल्यावर बोलू," म्हणाला, आणि ठेवला.

मी गाडी काढली आणि नाचाच्या क्लासपासून घरापर्यंतचा रस्ता धरला. घाईत इंडिकेटरऐवजी वायपर लागला. आईंची गाडी करडी, म्हणून प्रत्येक करड्या गाडीत मी डोकावत होते. बिग बीव्हर रोडवर पुढे पोलिसांच्या गाडीचे लाल-निळे दिवे फिरताना दिसले. गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. मी मोठ्यानं रामरक्षा म्हणायला लागले, आणि निम्म्यात विसरले. पुन्हा पहिल्यापासून म्हटली, पुन्हा विसरले. देवा, पाय मोडू दे, हात मोडू दे, पण पोरगी बोलती सापडू दे, असं मी मागत होते. जवळ आल्यावर दिसलं की खांबाला धडकलेली गाडी लाल होती. दुसऱ्याच कुणाची तरी होती. मला हायसं वाटलं, आणि त्या दुसऱ्या कुणाचं काय झालं हे बघायलाही मी थांबले नाही.

घरी करडी गाडी गॅरेजमध्ये उभी होती. आई ओट्याशी कोथिंबीर चिरत होत्या. अनया पोहे खात होती. मी तिला असं कवटाळलं की ती ओरडली, "मम्मा, यू आर हर्टिंग मी!"

रात्रीची जेवणं झाल्यावर मी विषय काढला. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, पण माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळलाच असेल. "आई, चित्रात अनया का नाही?"

"चित्रात काय ठेवायचं ते चित्र काढणारा ठरवतो."

"तुम्हाला ती दिसली होती का?"

आईंनी ताटं गोळा केली. माझ्याकडे वळून, अगदी सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "तू माझी परीक्षा घेतेस? तुला मी ॲक्सिलरेटर आणि ब्रेकमधला फरक शिकवलाय." देवदत्त मध्ये पडला. आई पस्तीस वर्षं इथे गाडी चालवतेय, पोलिसांचं एक दंडाचं तिकीट नाही, तुला मात्र दोन मिळालीत वगैरे. मी म्हटलं, मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन या ना, तेवढंच. त्यावर आई इतक्या शांतपणे "गरज नाही" म्हणाल्या की मला आणखीच भीती वाटली. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"असं कर," शेवटी त्या म्हणाल्या. "गुरुवारी लवकर ये ऑफिसातून. माझ्या शेजारी बस. मी कशी चालवते ते बघ आणि मग काय ते बोल."

त्या दोन दिवसांत मला झोप नाही. मनात नको नको ते यायचं. आणि खरं सांगते, देवदत्तचं ऐकून मधूनच असंही वाटायचं की मीच वेडी, चित्रातल्या एका काळ्या डागावरून घर डोक्यावर घेतलंय.

गुरुवारी चारला निघालो. उजेड होता. आईंनी सीटबेल्ट लावला, आरसे बघितले, आणि गाडी अशी काढली की बघत राहावं. मान सतत डावीकडे उजवीकडे फिरत होती. लेन बदलताना खांद्यावरून पूर्ण मागे वळून बघत होत्या. स्टॉप साइनला गाडी अगदी थांबायची, नुसती हळू नाही व्हायची. मी जीव मुठीत धरून बसले होते, तो हळूहळू सुटायला लागला. रोचेस्टर रोडवर एका पोरानं मध्येच गाडी घुसवली तर आईंनी सहज ब्रेक लावला आणि त्याला पुणेरी शिवी हासडली. मी हसले. त्याही हसल्या.

"पटलं?" त्यांनी विचारलं.

"पटलं, आई," मी म्हटलं, आणि मला खरंच पटलं होतं.

क्लास सुटेपर्यंत आम्ही गाडीत बसलो. बोलता बोलता बाहेर कधी अंधार पडला ते कळलं नाही. अनया धावत आली, मागच्या सीटवर चढली, पट्टा लावून बसली. पुढे मला बघून तिला मजा वाटली. पार्किंग लॉटमध्ये दिवे कमी, एक तर बंदच होता. पोरंपोरी, आया, बापे आपापल्या गाड्यांकडे निघालेले. आईंनी हेडलाइट लावले आणि गाडी सुरू केली. मी पर्समधून फोन काढून देवदत्तला मेसेज करायला घेतला. सगळं ठीक आहे, माझीच चूक झाली, असं लिहीत होते. डोळे फोनवर होते. गाडी उजवीकडे वळत होती.

"आजी, थांब! आजी, समबडीज देअर!"

अनयाची किंकाळी अशी होती की ब्रेक आईंनी लावला की किंकाळीनंच लागला, सांगता येत नाही. मी डॅशबोर्डवर आपटले. मान वर केली तर उजव्या हेडलाइटच्या अगदी पुढ्यात एक मुलगी. अनयाच्याच वर्गातली, काळ्या जाकिटातली, खांद्यावर घुंगरांची पिशवी. बंपर तिच्या गुडघ्याला टेकायचाच बाकी होता. ती हललीसुद्धा नाही. तिची आई धावत आली, तिला ओढून छातीशी धरलं, आमच्याकडे एकदा बघितलं, आणि एक शब्द न बोलता निघून गेली. त्या बाईनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आईंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरलेले. मागे अनया रडायला लागली.

"मम्मा, तू का नाही सांगितलंस?" ती हुंदके देत होती. "यू आर इन फ्रंट! आय थॉट इट वॉज युअर टर्न टुडे!"

"कसली टर्न?" मी विचारलं.

"सांगायची टर्न! रेड, ग्रीन, पीपल, कार ऑन द राइट. मी सांगते ना आजीला रोज. इट्स अवर गेम." मग घाबरून आईंच्या पाठीकडे बघत हळूच म्हणाली, "सॉरी आजी. इट वॉज अ सीक्रेट."

महिनोन् महिने, दर मंगळवारी, दर गुरुवारी, ह्या अंधारातून गाडी घरी आणत होती ती माझी सात वर्षांची पोरगी. मागच्या सीटवर उशी घेऊन बसलेली, जिला अजून बुटाची लेस नीट बांधता येत नाही ती.

"कधीपासून, आई?"

"कडा गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासूनच जात होत्या," आई समोर बघत म्हणाल्या. "मग संध्याकाळचंही जायला लागलं. काचबिंदू असणार. माझ्या वडिलांना होता. ते शेवटी भिंत चाचपत न्हाणीघरात जायचे."

"आणि तुम्ही तपासलं नाही? तुम्ही डॉक्टर आहात!"

"डॉक्टर आहे म्हणूनच. तपासलं की रोगाला नाव पडतं, आणि नाव पडलं की दुसऱ्या दिवशी गाडीची चावी द्यावी लागते. जे गेलं ते परत येत नाही, स्वानंदी, हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला इतकी भीती वाटत होती ना..." मी त्यांना भीती हा शब्द स्वतःबद्दल वापरताना कधी ऐकलं नव्हतं.

"आणि अनयाची नाही वाटली भीती?" मी किंचाळलेच. "माझ्या पोरीला घेऊन तुम्ही हे केलंत! माझ्या पोरीला!"

आई म्हणाल्या, "ती मागे असली की मला भीती वाटायची नाही. तिचे डोळे चांगले आहेत."

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं, आणि रडूही येत होतं.

"तू चालव," आई म्हणाल्या. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट तसेच ठेवून, त्या दार उघडून उतरल्या. मीही उतरले, माझ्या बाजूला, ड्रायव्हरच्या सीटकडे जायला. त्या गाडीला पुढून वळसा घालत येत होत्या, बॉनेटवर हात ठेवून. हेडलाइटच्या झोतात आल्या तेव्हा मला त्यांचं सगळं दिसलं. विस्कटलेले पांढरे केस, ओठांवरच्या सुरकुत्या, कोटाचं चुकीच्या काजात घातलेलं बटण, गालावरून वाहणारं पाणी. माझ्या सासूला मी इतकं नीट कधी बघितलं नव्हतं. मग त्या झोताच्या पलीकडे आल्या, बॉनेट संपलं, आणि त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. एक हात पुढे करून हवेत चाचपत होत्या.

"स्वानंदी?" त्यांनी हाक मारली. "अगं, कुठे गेलीस?"

मी कुठेही गेले नव्हते. त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. मी त्यांचा हात धरला, तेव्हा त्या केवढ्या दचकल्या.